सर्वानुमते

एक मेची ग्रामसभा, सकाळचे नऊ,
आणि शाळेच्या टिनाखाली आत्ताच भट्टी पेटलेली.
कोरम भरला. एकशे चौदा.
मीच मोजले, दोनदा. दुसऱ्या मोजणीत
तिघं वाढले, कारण मधे चहा आला होता.

विषय क्रमांक चार:
सप्त्याची वर्गणी घरटी पाचशे,
न देणाऱ्याला पंचायतीचा कुठलाही दाखला नाही.
सूचक ढोक, अनुमोदक वच्छला नागापुरे.
हात वर करा, म्हणाले सरपंच,
म्हणजे सरपंचबाईंचे यजमान.

वर झाले.
बांगड्यांचे, घड्याळाचे, कापूस वेचून चिरलेले,
एका हातात अजून बिस्किट.
याच हातांनी याच टिनाखाली टाकी मागितली होती,
चार वर्षं मागितली, आणि आणली.
मी तेव्हा नवीन होते.
मोजताना अंगावर काटा आला होता.
आजही आला.
तो काटा हा नव्हे.

एक हात गुडघ्यावरच.
झोलबा उरकुडे, निवृत्त लाइनमन.

"तुले देव नाही का बे?" मागून कोणीतरी.
"हाये ना. घरी हाये, माहावाला.
तुमी रस्ता करा, नाली करा,
माहा हात सगळ्यायच्या आधी वर.
पण माहा देव कुठं बसन
अन् त्याले किती द्याचं,
हे मोजाले गावाचे हात काहून लागते?"

हसले लोक. तोही हसला थोडा.
मग म्हणाला, खाली बघत, तारेशीच बोलल्यासारखा:
"लाइट पुऱ्या गावाले पायजे. बरोबर हाये.
पण एक तार जमिनीत गाडा लागते.
तिच्यानं दिवा लागत नाही.
ते नसली तं कोण्या दिवशी
नळाले हात लावणारा पोरगा चिपकते."

यजमान माझ्याकडे झुकले.
"लिहा मॅडम, सर्वानुमते मंजूर.
एकासाठी शाई काहून खराब करता."

सर्वानुमते.
पाच अक्षरं.
बहुमताने.
तीही पाचच. कागदावर जागा सारखीच लागते.

मी लिहिलं: बहुमताने. बाजूने एकशे तेरा, विरुद्ध एक.
खाली लिहिलं, दाखला अडवण्याचा अधिकार
सभेला नाही, असा सचिवाचा अभिप्राय.
हे लिहिताना अक्षर बिघडलं.
बदलीचा विचार आला. पोराची शाळा आठवली.

संध्याकाळी लाइन गेली. मोबाइलच्या उजेडात
जुनं रजिस्टर काढलं, काहीतरी आधार सापडेल म्हणून.
सापडलं ते हे:
पंधरा वर्षांपूर्वीचा ठराव, विषय नऊ,
पारधी बेड्याला नळ देऊ नये.
सर्वानुमते मंजूर.
खाली सह्या, चौदावी झो. उरकुडे,
वळणदार, एका तारेसारखी सरळ.

दुसऱ्या दिवशी तो नक्कल मागायला आला.
मी त्याला आधी ते पान दाखवलं. का, ते नीट सांगता येणार नाही.
चष्मा लावून वाचलं त्याने, बोट ठेवून, दोनदा.
"त्या वक्ती एकही हात खाली दिसला नाही मले,"
म्हणाला. नंतर, बऱ्याच वेळाने,
"मी बघतलाच नसन."

"याच्यात आता काही लिहिता येते?"
"नाही. जुन्या पानावर नाही."

मग त्याने कोरा कागद मागितला.
अर्ज लिहिला: पारधी बेड्यास नळजोडणीबाबत.
वर्गणीबद्दल एक शब्द नाही.
"हात किती येतीन?" मी विचारलं, त्याच्याच बोलीत.
त्याने नुसता पेनचं टोपण लावलं.

पंधरा ऑगस्टच्या यादीत घातलाय मी तो विषय.
शेवटून दुसरा,
म्हणजे लोक उठून
चपला शोधत असतात तेव्हाचा.